साक्षीला कुणी

दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवताना ती मोठ्याने म्हणाली, "दूध," आणि थांबली. एक हात दारावर, दुसरा अजून आत. दिव्याचा उजेड अर्ध्या कापलेल्या लिंबावर आणि कालच्या उरलेल्या डब्यावर पडलेला. आपण कशासाठी थांबलोय हे तिचं तिलाच क्षणभर कळेना. मान मात्र किंचित डावीकडे कलली होती, खांद्यामागे उभं असलेलं माणूस आता बोलेल म्हणून कलते तशी. कुणी बोललं नाही. फ्रीजने घरघर सुरू केली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, जिन्यात कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या आणि दुसऱ्याच दारात शिरल्या. मग तिच्या ध्यानात आलं की आपण 'साक्ष' या शब्दाची वाट बघत होतो. दुधाच्या पिशवीला साक्ष! तिने दार लावलं. हसायला हवं असं तिला वाटलं, पण हसू ओठांपर्यंत येऊन तसंच माघारी गेलं, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसासारखं. ती स्वयंपाकघरातच उभी राहिली, ओल्या बोटांनी, आणि ऐकत राहिली. काय ऐकत होती देव जाणे. घरात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

ती काम करायची त्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात, लॅबमधला नियम तसा साधा. कुठलीही डिश जागची हलवायची तर एकट्याने हलवायची नाही. एकाने डिशवरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हातातलं ठेवून, मान वळवून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच नाव परत म्हणायचं आणि पुढे म्हणायचं, "साक्ष." मग हात पुढे. कारण डिशमध्ये जे असतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या थेंबात जणू पाण्याचाच थेंब. आणि एकीचं दुसरीच्या पोटी गेलं तर ते मागे आणायला जगात रस्ता नाही. तिचं आणि तिच्या जोडीदाराचं अर्धं आयुष्य असं एकमेकांना अनोळखी बायकांची नावं म्हणून दाखवण्यात गेलं होतं. जोडीदार म्हणजे लॅबमधला. दवाखाना काढणारे थोरले डॉक्टर पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "ही माझी जोडी," तेव्हापासून ती त्याला जोडीदार म्हणायची आणि तो तिला बाईसाहेब. नव्या नर्सच्या भुवया वर गेल्या की तो घाईघाईने खुलासा करायचा, "लॅबमधली हो, लॅबमधली! घरच्या जोडीदारणीच्या कानावर घालू नका, जेवण बंद होईल." दिवसभर दोघं पाठीला पाठ लावून बसायची. बाहेरच्या गप्पा फारशा नसायच्या. त्याच्या बायकोचे गुडघे, तिच्या नळाची गळती. पण दर थोड्या वेळाने एक नाव, मग तेच नाव, मग साक्ष. मंद उजेड, उबदार कोंदट हवा, यंत्रांची गुणगुण, आणि तिच्यात हा दोघांचा आवाज.

पुढे त्याच्या डोळ्यांत पडदा आला आणि तो निवृत्त होऊन मुलाकडे लांब राहायला गेला. त्याच्या जागी माणूस आलं नाही, यंत्र आलं. प्रत्येक डिशच्या बुडाला एक चकती. डिश टेबलावर ठेवली की यंत्र ती ओळखतं, सगळं जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल आणि कर्कश शिट्टी. यंत्र चुकत नाही. तिने स्वतः मुद्दाम चुकीची रिकामी डिश ठेवून चारदा पारखून बघितलं होतं. माणसापेक्षा ते बरं, हे ती कुणालाही सांगेल. फक्त आता नाव म्हणायचं कारण उरलं नव्हतं. एका दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी काहीतरी विचारलं आणि उत्तर देताना तिचा आवाज घोगरा फुटला, तेव्हा तिला कळलं की आजचा हा आपला पहिला शब्द.

त्या संध्याकाळी, दूध ठेवून झाल्यावर, तिने जोडीदाराला फोन लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"काय बाईसाहेब, लॅब पेटली की काय?"

"नाही हो. सहज."

"सहज फोन करणाऱ्यातल्या तुम्ही नव्हे. बोला."

तिने सांगितलं. पलीकडे तो असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "अहो, माझं ऐका. मी परवा नातवाला आंघोळीला घेतलं. टबात सोडण्याआधी त्याचं अख्खं नाव मोठ्याने म्हटलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि उभा! सून दारात. तिला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. ती म्हणते, बाबा, दुसरं कुणाचं पोर असणार आहे का आपल्या घरात?"

"मग?"

"मग काय. पाणी गार झालं, पोरगं रडायला लागलं, बोलणी खाल्ली." मग त्याने विचारलं, "यंत्र बरंय ना?"

"उत्तम आहे."

"हो. उत्तमच असणार," तो म्हणाला आणि त्याने विषय नळाच्या गळतीवर नेला.

फोन ठेवल्यावर तिला वडील आठवले. वडील गाऊन प्रवचन करायचे. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुटीच्या संध्याकाळी, जिथे बोलावतील तिथे, उभं राहून देवाची गोष्ट सांगायचे. सांगता सांगता गळा वर चढायचा आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते ऐकणाऱ्यालाही उमगायचं नाही. मागे दोघं-तिघं साथीला. वडील एक ओळ म्हणून थांबायचे आणि मागच्यांनी ती उचलायची. मधे एवढीशी शांतता पडायची. ती पहिल्या रांगेत फ्रॉकच्या घेरात गुडघे गुंडाळून त्या शांततेत श्वास धरून बसायची. उचलतील ना? आणि नाहीच उचलली तर? मग मागून ओळ यायची, जाडीभरडी, तीन गळ्यांची, आणि सगळ्या सभेतून सुटकेची एक लाट जायची. तिला वाटायचं देव बहुतेक त्या मधल्या जागेत उभा असतो. म्हातारपणी साथीदार एकेक करून पुढे गेले. वडील खिडकीपाशी खुर्चीत बसून ओळ म्हणायचे आणि आतून ती आणि ताई, कांदा चिरता चिरता, ती उचलायच्या. ताई ठार बेसूर. ती ताईला कोपराने ढोसायची, तर बाहेरून वडिलांचा आवाज, "अगं राहू दे तिला. सुरात म्हणायला गवई लागतो. उचलायला माणूस पुरतं."

ताई गेली तेव्हा ताईची मुलगी शाळेत होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते खोटं नाही हो," आणि तिच्याकडे बघायची. बिचाऱ्यांना धीरच द्यायचा असायचा. पण पोरगी ते ऐकत असायची. एकदा तिने सरळ विचारलं, "मावशी, असं कोण म्हणालं पहिल्यांदा? त्याला आई नव्हती का?" तेव्हा पोरगी दोन वर्षं तिच्याकडेच होती, याच घरात. मग भावजींनी दुसऱ्या शहरात नोकरी धरली, पुढे संसारही नव्याने मांडला, आणि पोरीला घेऊन गेले. त्यात वाईट कुणीच नव्हतं. फोन आधी आठवड्याला यायचे, मग परीक्षा झाल्यावर, मग वाढदिवसाला. मावशी जगली होती. जगायचं काम तिने चोख केलं होतं.

पोरगी लहानपणी म्हणायची, "मावशीला वासच नाही." ते खरं होतं. लॅबमध्ये अत्तर चालत नाही, वासाचा साबण चालत नाही, केसांना तेल नाही, हातांना क्रीम नाही. तिथल्या हवेतल्या एवढ्याशा वासानेही आत वाढणाऱ्याचा श्वास कोंडतो. इतक्या वर्षांनी घरालाही वास उरला नव्हता. कपाट उघडलं तर नुसतं लाकूड. आणि त्या फोननंतर एका सकाळी दवाखान्याच्या बोळात, हात धुऊन लॅबकडे जाताना, संत्र्याच्या सालीसारखा शाम्पूचा वास आला आणि मागून हाक आली, "मावशी." वळून बघते तर ताई. ताईची हनुवटी, ताईचं एका पायावर भार टाकून उभं राहणं. शेजारी चष्मेवाला, घामेजलेला जावई.

"कुणाला काही सांगितलं नाही आम्ही," भाची म्हणाली. "बाबांनाही नाही. तिकडचे सगळे डॉक्टर करून झाले. शेवटी म्हटलं, आपल्या घरची असताना."

लॅबमध्ये आपल्या माणसाचं काम आपण करू नये, असा संकेत असतो. तिने डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "मग कोण करणार? मी? मला ती सुई धरायला लावशील तर तुझीच भाची कोर्टात जाईल." आणि भाचीने तर हट्टच धरला. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

म्हणून तिनेच केलं. भाचीची अंडी चारच निघाली. जावयाच्या बाजूने जे आलं त्यात एकही शेपूट हलवीना. अशा वेळी लेसर लागतो. भिंगाखाली शेपटीच्या अगदी टोकाला त्याचा हलका ठोका द्यायचा. मेलेल्याची शेपटी तशीच सरळ राहते, जिवंताची वळते, झोपेत गुदगुल्या केलेल्या पोराच्या पायासारखी. ती तासन् तास ठोके देत बसली. पहिली शेपटी वळली तेव्हा तिच्या तोंडून गेलं, "उठला बाई!" आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाई दारात. "जावईबापूंची मंडळी आळशी आहेत," ती म्हणाली. "जावईबापूंची मंडळी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "सासुरवाडीला आलीत. उठवल्याशिवाय कशाला उठतील?" त्या दिवशी लॅबमध्ये खूप दिवसांनी कुणी हसलं. चारांतली दोन अंडी फळली. त्यातलं एक तिसऱ्या दिवशी थांबलं, कुणी बोलता बोलता थांबावं तसं. एक वाढलं. ते गोठवून टाकीत ठेवलं. भाचीच्या अंगात आणखी अंडी निघण्यासारखी नव्हती, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे जे काय होतं ते एवढंच. उणे दोनशेच्या थंडीत, एका काडीच्या टोकावर, धुळीच्या कणाएवढं.

त्या कणावर तिचा जीव इतका गुंतेल असं तिला वाटलं नव्हतं. टाकीपाशी जाण्याचं कारण नसताना ती टाकीपाशी जायची. घरी आल्यावर हात धुताना, बस थांबलेली असताना, मधेच तिला तो आठवायचा. देवापुढे हात जोडून ती रोज एकच गोष्ट मागायची आणि मागून झाल्यावर ओशाळायची, कारण इतरही पुष्कळजणींचे कण त्याच टाकीत होते आणि त्यांच्यासाठी मागायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

तो कण भाचीच्या पोटात सोडायचा दिवस आला. काडी बाहेर काढली, कोमट थेंबांतून एकेक करत नेली, आणि भिंगाखाली तो दिसला. गोठून निघालेला गर्भ आधी मिटतो. आपल्या कवचाच्या आत चुरगळून एका बाजूला बसतो, आणि कवच आणि तो यांच्या मधे स्वच्छ मोकळी जागा पडते. मग तो हळूहळू पाणी पितो, फुगतो, जागा भरून टाकतो. याचं कवच जाड होतं. पुढे पोटात रुजायचं तर त्याला ते फोडून बाहेर यायला हवं, आणि इतकं जाड कवच त्याच्याच्याने फुटेल याची खात्री नव्हती. म्हणून आपण बाहेरून लेसरने एक दार पाडून द्यायचं. ते पाडायचं आत्ताच, मधे मोकळी जागा आहे तोवर. तो फुगून कवचाला टेकला की प्रकाशाचा तोच ठोका त्याला भाजेल. हे तिने हजारदा केलं होतं. पूर्वी हे दार काचेच्या सुईने फाडायचं असायचं, तेव्हाही तिचा हात हलायचा नाही. आता तर सुईसुद्धा नाही. पडद्यावर लाल वर्तुळ, ते कवचावर आणायचं, पायाखालचं बटण दाबायचं. पापणी लवायच्या आत काम झालेलं.

डिश ठेवली. यंत्राने हिरवा दिवा लावला. तिने वर्तुळ कवचावर आणलं, गर्भापासून जास्तीत जास्त लांब. मनात म्हणाली, देवा, तुझ्या दारात हात घालतेय, सांभाळ. आणि पाय बटणावर ठेवून थांबली. पाय दाबेना. हिरवा दिवा चालू होता, सगळं जुळत होतं, आणि तिची मान डावीकडे कललेली होती. जोडीदाराच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी धुतलेल्या अंगरख्यांची चळत ठेवली होती. उचलतील ना? नाहीच उचलली तर? ती पहिल्या रांगेत बसली होती, गुडघे फ्रॉकमध्ये, वडील ओळ म्हणून थांबले होते आणि मागे कुणीच नव्हतं. तिघांच्या जागा रिकाम्या, आणि वडील तरी थांबलेलेच, सभेकडे बघत, चेहऱ्यावर तेच आर्जवी हसू. हे सगळं खुळचट आहे, तिने स्वतःला बजावलं. दाब. पडद्यावर गर्भाने पहिला घोट घेतला. त्याची कड थरथरली आणि एवढीशी पुढे सरकली. मोकळी जागा चंद्रकोरीएवढी झाली. दाब ना बये! कोर बारीक झाली. ती उठली.

लॅब आणि शेजारची खोली यांच्या मधे एक लहान सरकती खिडकी असते. गर्भ तिच्यातूनच पलीकडे द्यायचा. तिने ती उघडली. पलीकडे भाची हिरव्या अंगरख्यात टेबलाच्या कडेला बसली होती, पाय आवळून, कारण पोट पाण्याने भरून यायला सांगितलेलं असतं.

"झालं?" ती म्हणाली. "मावशी, लवकर कर गं, मी आता इथेच तळं करणारेय."

"नाव सांगा."

"काय?"

"पूर्ण नाव सांगा." आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे तिला कळत होतं.

"अगं, मी आहे!" भाची हसली, आणि मग खिडकीतला चेहरा बघून थांबली. टेबलावरून उतरली, सरळ उभी राहिली, शाळेत हजेरीला राहतात तशी, आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं. मग मधलं. मग आडनाव.

मधलं नाव ताईचं होतं. बापाचं नव्हे, नवऱ्याचं नव्हे, आईचं. कागदावर, डिशवर ते तिने कितीदा बघितलं होतं; पण डोळ्यांनी बघितलेलं नाव नुसती अक्षरं असतात. हे आवाजात आलं होतं. इतक्या वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. भावजी 'ती' म्हणायचे, भाची 'आई' म्हणायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका 'तुझी ताई'. आणि आता नियमाप्रमाणे तिला ते परत म्हणायचं होतं. तिच्या ध्यानात आलं की हे नाव तिने जन्मात कधी तोंडाने घेतलेलं नाही. थोरल्या बहिणीला कोण नावाने हाक मारतं? तिने पहिलं नाव म्हटलं. मग ताईचं म्हटलं. जीभ ते घेऊन अडखळली, नव्या घराच्या उंबऱ्यावर अडखळावं तशी. मग आडनाव.

"साक्ष," ती म्हणाली, आणि खिडकी लावून परत धावली.

कोर केसाएवढी राहिली होती. तिने वर्तुळ फिरवून पलीकडच्या बाजूला नेलं, तिथे अजून किंचित अवकाश होता, आणि बटण दाबलं. कवचावर एक बुडबुडा आला, विरला. दार पडलं होतं. स्वच्छ, गोल. आणि त्या दारालगत, आतल्या काठावर, एक पेशी जराशी काळसर दिसत होती. ती आधीपासून तशी होती? तिने आठवून बघितलं. आठवेना. शंभरांतली एक पेशी. डॉक्टरबाईंना बोलावून दाखवली, त्या म्हणाल्या, "छे! एवढ्याने काही होत नाही, तुलाही माहितीय." तिलाही माहीत होतं. जावई बोळात उभा होता, त्याने घाबरून विचारलं, "मावशी, सगळं ठीक?" ती म्हणाली, "ठीक."

गर्भ खिडकीतून पलीकडे गेला, आत सोडला गेला. मग वाट बघण्याचे दिवस. ते कसे गेले हे सांगण्यासारखं काही नाही. ती कामाला गेली, घरी आली. फ्रीज उघडताना ओठ आवळून धरायची. रात्री अंथरुणावर मात्र ती काळसर पेशी यायची, कधी सुपारीएवढी, कधी दारभर. कितीतरी वर्षं ज्या हाताने काही चुकलं नव्हतं तो हात चादरीवर उताणा पडलेला असायचा आणि ती त्याच्याकडे बघत राहायची. मी माणूस शोधायला उठले, ती स्वतःला सांगायची. यंत्राने हो म्हटलं होतं आणि मी माणूस शोधायला उठले. कधी वाटायचं, उठले नसते तर ताईचं नाव जन्मभर तोंडात आलं नसतं. आणि मग आपण कशाच्या बदल्यात काय मोजतोय याची तिला शरम वाटायची.

रुजला नाही. जावयाने फोनवर तेवढंच सांगितलं, "मावशी, नाही," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची दारात आली. एकटीच, हातात एक पिशवी. "तो घरी आहे. त्याला म्हटलं, मला मावशीकडे जाऊ दे." आत आली, चपला काढल्या, लहानपणी जिथे झोपायची त्याच पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळपर्यंत तिला कुणी उठवलं नाही. खोलीत संत्र्याच्या सालीचा वास भरला. ती दाराशी बसून राहिली, लॅबमध्ये बसायची तशी पाठ ताठ करून. बाहेर उजेड उतरत गेला.

"मावशी."

"बोल गं."

"तू बघितलंस ना त्याला?" भिंतीकडे तोंड तसंच. "मला पडद्यावर नुसता एक पांढरा ठिपका दाखवला. तोही हलताना. बाकी कुणीच बघितलं नाही. सगळे म्हणतात, होतं काय त्यात, अजून काहीच नव्हतं. आई असती तर तीही म्हणाली असती बहुतेक." मग थांबून, "कसा होता?"

तिला सांगायचं होतं की फार सुंदर होता. तेही खरंच होतं. पण साक्ष अर्धी देता येत नाही. "आधी मिटलेला होता," ती म्हणाली. "कुशीवर झोपल्यासारखा. तू आत्ता झोपलीयस ना, अगदी तसा, एका बाजूला. मग जागा झाला. पाणी प्यायला लागला. तहानेला होता गं, भराभर प्यायचा. कड अशी उजळ, काचेच्या मण्यासारखी. आत एका जागी दाटी होती, तिथून पुढे बाळ होतं. ती दाटी छान होती. नीट. कवच जाड होतं. दार करायचं होतं आणि मी थांबले. यंत्र हो म्हणत होतं तरी मी थांबले, तुला नाव विचारायला आले. तेवढ्यात तो पुढे सरकला. दार केलं तेव्हा त्याच्या काठावर एक पेशी काळी दिसली मला. ती माझ्यामुळे झाली की आधीचीच होती, मला माहीत नाही. डॉक्टरबाई म्हणतात एवढ्याने काही होत नाही. मीही दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं. पण तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही."

जिन्यात पावलं वाजली, वर गेली. मग भाची इकडे वळली. अंधारत चाललेल्या खोलीत ताईची हनुवटी तेवढी दिसत होती.

"एवढं बघितलंस," ती म्हणाली. "काळं-गोरंसुद्धा." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडता रडताच बोलली, "म्हणजे होता."

"होता."

"मी त्याला नाव ठेवलं होतं. कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. अपशकुन नको म्हणून." तिने नाक ओढलं, उशीत तोंड पुसलं, कोपरावर भार देऊन अर्धी उठली. आणि ते नाव तिने मोठ्याने म्हटलं. नुसतं एक नाव, पुढेमागे काही न लावता, बेसूर घोगऱ्या आवाजात.

खोलीत एवढीशी शांतता पडली. तिने मान वळवली. भाचीच्या तोंडाकडे नीट डोळे लावून बघितलं, आणि मग तेच नाव, अक्षर न् अक्षर, परत म्हटलं.

"साक्ष," ती म्हणाली.